दोऱ्याने बांधलेली ओळ

तिने लाल पेनाला टोपण लावलं आणि कागद वडिलांपुढे सरकवला. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्तमानपत्रात द्यायला त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. मुलगी प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं तपासायची, म्हणून "जरा नजर टाक" एवढंच म्हणाले होते. तिने तीन ठिकाणी रेघ मारून समासात तीनदा एकच शब्द लिहिला होता.

"क्लिशे," बाबांनी वाचलं. "हे काय गं संपादकीणबाई? रोगाचं नाव वाटतंय."

"गुळगुळीत झालेलं वाक्य. इतक्या जणांनी वापरलेलं, की त्यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही उरत नाही."

"आणि शब्द कुठला?"

"परका. पण तुमच्याच धंद्यातला. जुन्या छापखान्यांत वितळलेल्या धातूवर साचा आपटून ठसा काढायचे, तेव्हा म्हणे तसा आवाज यायचा. त्यावरून आधी ठशाला नाव पडलं, मग पुन्हा पुन्हा वापरलेल्या वाक्यांना."

बाबा चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवताना त्यांच्या अंगठ्याचं टोक चपटं झालं होतं. ते खुशीत हसले.

"म्हणजे आमच्या घरचाच निघाला की. आमच्याकडेही होत्या तसल्या ओळी. छापून झालं की खिळे सुटे करून खणात टाकायचे, हा नियम. पण निधनाच्या बातमीतल्या ओळी सोडायच्या नाहीत. दोरा गुंडाळून तशाच वेगळ्या ठेवायच्या."

"वेळ वाचावा म्हणून."

"मालक तेच म्हणायचे." बाबांनी कागदाची घडी घालायला घेतली. "अगं, माणूस दारात उभा असायचा. कागदावर फक्त नाव लिहून आणलेलं. पुढे काय छापू विचारलं, की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्याला ताटकळत ठेवायचं?"

ती पर्स शोधत होती. ऑफिसला उशीर झाला होता.

"तरी आईबद्दल तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा, बाबा. आठवण येते, हे काय कोणीही लिहितं."

"बघतो." त्यांनी कागदाची चौथी घडी नखाने दाबली. "चहा घेऊन जा. की तोही क्लिशे?"

"संध्याकाळी घेऊ," ती चपला घालत म्हणाली.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा खुर्चीतच गेले होते.

आठवडाभराने ती त्यांच्या टेबलाशी बसली. वर्तमानपत्राच्या कचेरीतून दोनदा विचारणा झाली होती. आज बाबांच्या निधनाच्या बातमीचा मजकूर द्यायलाच हवा होता. तिने बाबांचं नाव लिहिलं. पुढची ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. मग नवा कागद घेऊन पुन्हा नाव लिहिलं. तासाभराने त्या कागदावर फक्त नावच होतं.

पेनाची शाई संपली म्हणून तिने खण उघडला. आत तोच चार घड्या घातलेला कागद होता. तिच्या लाल रेघांखाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अजून सकाळी दोन कप काढतो आणि मग एक परत', आणि तिथेच थांबून ते खोडलं होतं. 'तुझा चष्मा मी रोज पुसून' हेही खोडलं होतं. सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, पुन्हा पहिलीच ओळ होती. तुझी आठवण येते.

खोडलेल्या ओळींवरून तिने बोट फिरवलं. अशा ओळींपुढे ती समासात बरोबरची खूण करायची.

कागदाखाली जुन्या रद्दीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिने ते उलगडलं. शिशाच्या खिळ्यांची एक ओळ, भोवती काळपट दोरा. दोऱ्याचं टोक आत खोचलेलं, बाबा खोचायचे तसं. अक्षरं झिजली होती. खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, त्यांच्या मांडीवर बसवून.

तिने ती ओळ वाचली. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच होता.

"बाबा," ती म्हणाली. झिजलेल्या अक्षरांवर तिने अंगठा टेकवला.

"तुमची फार आठवण येते."