पांढरा ठिपका

डॉक्टरांच्या नाकाजवळची चामखीळ फोटोग्राफर गेली अकरा वर्षं फोटोंतून इमानेइतबारे पुसत आला होता. या वेळी तो ती पुसणार नव्हता. उलट त्याने दिवा असा तिरपा लावला होता की चामखिळीची सावली थेट ओठापर्यंत उतरावी.

"हनुवटी जरा वर," तो म्हणाला. डॉक्टरांनी मुकाट्याने वर केली. लहान मुलांच्या या डॉक्टरांच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली होती, रविवारी सत्कार होता आणि सभागृहाच्या दारात त्यांचा माणसाएवढा फोटो लागणार होता. ऑर्डर आली तेव्हा फोटोग्राफरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. शत्रू आपल्या पायांनी चालत येऊन स्टुलावर बसला होता. डोळ्यांखालच्या पिशव्या, कानातले केस, लोंबणारा गळा, सगळं सगळं त्या फोटोत दिसायला हवं होतं.

महिन्यापूर्वी त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या, पिटुकलीच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जन्मापासूनचा मोतीबिंदू. मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, दोन-अडीच वर्षं आधी आणली असती तर डोळा चांगला सुधारला असता, आता मिळेल तेवढं आपलं. आत नेताना पिटुकलीने बापाच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं होतं. ते तुटून तिच्या मुठीतच गेलं. नर्सने नंतर बाहेर आणून दिलं, तेव्हापासून ते त्याच्या खिशात होतं. बाहेरच्या बाकावर बसून त्या दोन तासांत त्याने मनातल्या मनात या डॉक्टरचे दात पाडले, पाटी उतरवली, दवाखान्याला कुलूप लावलं. दीड वर्षाच्या पिटुकलीला याच माणसाकडे नेलं होतं, आणि याने 'मुलं बघतातच अशी तिरकी' म्हणून बोळवण केली होती.

ऑपरेशननंतर तासातासाला थेंब, झोपताना डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, हे सगळं पोरीने सोसलं. मग रोज सहा तास चांगला डोळा पट्टीने झाकायचा हुकूम झाला, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल. पहिल्या दिवशी ती टेबलाच्या पायावर आपटली आणि तिथेच बसून म्हणाली, "बाबा, दिवा लाव ना." तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्या क्षणी डॉक्टर समोर असता तर फोटोग्राफरने त्याचा गळाच धरला असता.

"पोरगी कशी आहे?" स्टुलावरून डॉक्टरांनी विचारलं.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यावरचं डोकं वर न काढता सगळं सांगितलं. ऑपरेशन, पट्टी, टेबल, आणि शेवटी अडीच वर्षांपूर्वीची ती तारीख.

डॉक्टरांनी वर धरलेली हनुवटी खाली घेतली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, फोटोत डोळा पांढरा दिसतो का. तुम्ही म्हणालात, घरात हजार फोटो आहेत, एकातही नाही. एक मोठा फोटो मुद्दाम आणून दाखवलात."

"दाखवला."

"तरी मी बॅटरी घेऊन नीट बघायला हवं होतं. चूकच झाली माझी. मी तुमच्या फोटोवर विसंबलो."

फोटोग्राफरने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो निघाला.

डॉक्टर गेल्यावर त्याने संगणकावर पिटुकलीचे जुने फोटो उघडले. टेबलाला धरून उभी, टबमध्ये बसलेली, आईच्या खांद्यावर. प्रत्येकात डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. आणि प्रत्येकाशेजारी त्याने सफाईदार केलेली प्रत होती, दोन्ही बाहुल्या काळ्याभोर. फ्लॅशचा दोष समजून त्याने स्वतःच्या हाताने एकेक ठिपका पुसला होता, आणि आपल्या हातातल्या सफाईवर खूशही झाला होता.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती पट्ट्या कापत होती, कापतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "डोळा चमकतोय असं मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, प्रकाशातलं मला शिकवू नकोस."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही डॉक्टरांवर चिडला होतात. मी तुमच्यावर. पोरीचे थेंब चुकू नयेत एवढंच बघत होते."

त्याने कापलेल्या पट्ट्या उचलून एकावर एक रचल्या.

डॉक्टरांचा फोटो त्याने चामखिळीसकट छापला. यात सूड नाही असं तो स्वतःला बजावत होता, पण थोडा होताच. मग दुसरा फोटो छापला, तेवढाच मोठा. दुकानाच्या शोकेसमध्ये टेबलाला धरून उभ्या पिटुकलीचा जो सुंदर फोटो होता, तो काढून तिथे मूळचा लावला, ठिपक्यासकट. लोक थबकू लागले. तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई आत येऊन विचारू लागली. त्याने तिला काय झालं ते सांगितलं, आणि ठिपका कोणी पुसला तेही सांगितलं. ती बाई त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, ती नजर त्याने खाली मान न घालता सोसली. आता रोज कोणी ना कोणी तसं बघणार होतं, आणि ते त्याला हवंच होतं.

संध्याकाळी बायको पिटुकलीला घेऊन दुकानात आली. चांगल्या डोळ्यावर पट्टी, तिच्यावर जाड चष्मा. पोरगी शोकेसच्या काचेला नाक लावून उभी राहिली. बराच वेळ मान इकडेतिकडे करत राहिली. मग तिने काचेवर बोट टेकवलं, नेमकं ठिपक्यावर.

"बाबा, इथे पांढरं काहीतरी पडलंय. पूस ना."

फोटोग्राफरचा हात सवयीने फडक्यासाठी खिशात गेला. खिशात ते तुटलेलं बटण लागलं.

"राहू दे," तो म्हणाला, आणि तिने बोट काढेपर्यंत तिच्याशेजारी उकिडवा बसून राहिला.