खिशातलं पिवळं पान

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते गप्प बसतात आणि वर चहा करून आणतात. ही त्यांची जुनी खोड. लेकीच्या बाळंतपणाहून मी परत आले, दार उघडल्याबरोबर हातात कप आला, तिथेच ओळखलं, घरात काहीतरी बिघडलंय.

पिशवी टाकून मी आधी गॅलरीत गेले. रंगाच्या जुन्या बादलीत माझं लिंबाचं झाड आहे. बी टाकून वाढवलंय. इतक्या वर्षांनी त्याला पहिल्यांदा कळ्या धरल्या आणि नेमकं तेव्हाच मला जावं लागलं. निघताना ह्यांना बजावलं होतं, एक पान जरी गेलं तर मला तोंड दाखवू नका. आता बघते तर खालून अर्धं झाड बोडकं. शेंड्याला थोडी पानं, कळ्या कशाबशा जीव धरून. आणि खाली पडलेलं पान एक नाही. फरशी लख्ख, कोरडी.

पानं कुठं गेली, विचारलं. मी पाठ सोडेना, तेव्हा हे म्हणाले, वारा फार होता. म्हणजे वाऱ्याने पानंही पाडली आणि केरही काढला.

पान का पिवळं पडलं ते पानालाच विचारावं लागतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर मातीत काहीतरी कमी आहे. जुनी पानं हळूहळू फिकी पडली तर झाड उपाशी, खत घालावं. तहानलेलं पान कुरकुरीत होतं, पाण्यात बुडालेलं मऊ पडतं. पण विचारायला पान तर हवं ना! शेजारीण म्हणाली खत घाला, जावई फोनवर म्हणाले पाणी वाढवा. भलतंच औषध दिलं तर उरल्यासुरल्या कळ्याही जायच्या, म्हणून मी हात आवरून बसले.

दुसऱ्या दिवशी कपडे भिजवताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात पान सापडलं. देठापासून टोकापर्यंत पिवळं आणि ओल्या कागदासारखं लिबलिबीत. मी तशीच पलंगाखाली वाकले. ह्यांनी जन्मभर सायकलींची पंक्चरं काढली. दुकान मुलाकडे दिलं, पण ठिगळांचा पत्र्याचा डबा काही सोडला नाही; तो पलंगाखाली असतो, आणि लपवायचं ते सगळं त्यातच जातं. डबा उघडला तर ठिगळांवर पानंच पानं. केरात टाकायला जीव झाला नाही म्हणे.

मातीत बोट घातलं. नुसता चिखल, वर कुजका वास. बादली आडवी केली आणि बघतच राहिले. तळाचं भोक गायब. त्यावर रबराचं ठिगळ, कानशीने घासून, सोल्यूशन लावून, असं बेमालूम बसवलेलं की गिऱ्हाईकाने दुप्पट पैसे दिले असते.

हे स्वयंपाकघराकडे निघाले. मी वाट अडवली. चहा नको, बोला म्हटलं.

"पाणी गळून फरशी ओली व्हायची," ते म्हणाले. "तू गुडघा धरून पुसत बसायचीस. म्हटलं, तू यायच्या आत गळती बंद करून टाकू."

मी ठिगळ उचकटलं. काळं पाणी भळाभळा वाहिलं. झाड बाहेर काढून कुजकी मुळं कात्रीने छाटली, पांढरी ठेवली, कोरड्या मातीत वाळू मिसळून पुन्हा लावायला घेतलं. तळाला आणखी भोकं पाडायची होती, तेवढं काम ह्यांना दिलं. सळई तापवली खरी, पण जन्मभर भोकं बुजवलेला माणूस; हात पुढे जाईना. शेवटी मी त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे सळई आत गेली.

झाड सावलीत ठेवलं. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थेंब घातला नाही. पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, ती होतच नसतात. पण नवं पिवळं पडेना. मग एका सकाळी एक कळी उमलली. पांढरीशुभ्र, गॅलरीभर वास.

त्या दिवशी मी पाणी घातलं. ते सगळ्या भोकांतून फरशीवर आलं, आणि हे सवयीने पलंगाकडे, डब्याकडे वळले.

"अहो, इकडे या," मी म्हटलं. "ही बादली गळणार, मी आहे तोवर गळणार. फरशी आजपासून तुम्ही पुसायची. आणि पान पिवळं पडलं की ते खिशात घालायचं नाही, माझ्या हातात आणून द्यायचं. मी ओरडेन. ओरडून झालं की दोघं मिळून बघू."