चिलटं येतात कुठून

"फळं झाकून ठेवा म्हणालीस, ठेवली. ओटा कोरडा ठेवा म्हणालीस, ठेवला. आता हा कसला प्रयोग?"

सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ती वाटीवर ताणून बसवलेल्या प्लास्टिकला सुईने भोकं पाडत होती, आणि तिचा एक डोळा खाली सतरंजीवर पालथ्या पडलेल्या चिंगीवर होता. चिंगीच्या ओठाच्या कोपऱ्यात कुस्करलेल्या केळ्याचा ठिपका राहिला होता आणि एक चिलट त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं. तिने सुई ठेवली, वाकून चिलट हाकललं, लेकीचं तोंड पुसलं, पुन्हा सुई उचलली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

वाटीत व्हिनेगर होतं, चमचाभर साखर होती आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब होता. वासाला भुलून चिलटं भोकातून आत शिरतात, बाहेरची वाट त्यांना सापडत नाही, आणि साबणामुळे पाण्यावर बसता येत नाही म्हणून बुडतात, असं तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही," ते म्हणाले. "आमच्या थेटरात अशी सोय असती तर एकही पिक्चर पडला नसता."

एरवी ती हसली असती. आज नुसतं "हं" म्हणाली आणि दुसऱ्या वाटीला लागली.

सासऱ्यांचं उभं आयुष्य एका सिनेमागृहाच्या वरच्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत गेलं होतं. तेच तेच चित्रपट, तेच संवाद, आणि मशीनची घरघर. त्या घरघरीत स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि रीळ संपायच्या आत डोळा उघडायचा, ही विद्या आपण कमावली आहे असं ते अभिमानाने सांगत. पडदा कधी पांढरा पडू दिला नाही, हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. घरात सगळ्यांना ते पाठ होतं.

तिला मात्र हल्ली त्या गोष्टीतली डुलकीच तेवढी ऐकू येई. सोमवारी ती कामावर रुजू होणार होती आणि चिंगी दिवसभर त्यांच्याकडे राहणार होती. पाळणाघरात जागा नाही, असं तिनेच महिन्याभरापूर्वी घरी सांगितलं होतं आणि बाळंतपणाची रजा वाढवून घेतली होती. मग सासरे आपणहून म्हणाले, मी आहे की. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिचा श्वास तेव्हापासून जो अडकला तो अडकलाच. त्यांचे हात थरथरत. चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिण वाजे. वर्तमानपत्र वाचता वाचता हनुवटी छातीवर टेके. विचारलं की म्हणत, "डोळा लागला तरी कान जागा असतो माझा." कान जागा असून काय करायचं, तिच्या मनात येई. पोरीने बटण तोंडात घातलं तर त्याचा काय आवाज होतो?

नवऱ्यापाशी तिने हे काढलं होतं. तो म्हणाला, "अगं, मला त्यांनीच वाढवलं. आहे ना मी धडधाकट?"

"तुला आईंनी वाढवलं. बाबा मॅटिनीला असायचे."

ते खरं होतं.

त्यात ही चिलटं आली, आणि तिच्या भीतीला टेकायला जागा मिळाली. चिलटं घोंगावताहेत म्हणजे घरात काहीतरी सडतं आहे, आणि ते कोणाच्या तरी लक्षात येत नाही आहे. ते कोणीतरी म्हणजे कोण, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

बाहेरच्या खोलीच्या खिडकीत लिंबाचं झाड होतं. सासूबाईंनी एकदा सरबत करताना उडालेली बी कुंडीत खोचली, त्याचं हे झाड. इतक्या वर्षांत त्याला लिंबू सोडाच, फूलही आलं नव्हतं. "वांझोटं आहे, पण वासाचं आहे," असं त्या म्हणत, आणि पान चुरगळून सगळ्यांच्या नाकाशी धरत. त्या गेल्यापासून झाडाचं सगळं सासरे बघत. रोज सकाळी दुधाचं पातेलं विसळून ते पाणी थेंबभरही न सांडता, थरथरत्या हातांनी, कुंडीत ओतत. कुंडीखाली ताटली म्हणून रिळाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं. थेटर बंद झालं त्या दिवशी आठवण म्हणून आणलेली ती एवढी एकच वस्तू. झाकणात कायम पाणी साचलेलं, आणि मातीवर दोन-चार काळी चिलटं बसलेली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

तरी तिने नीट पद्धतीने जायचं ठरवलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत असे. नळीवर चिठ्ठी लावल्याशिवाय नळी हातातून खाली ठेवायची नाही, ही तिची सवय. तिने वाट्यांवरही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. ओटा. खिडकी. दार. जिथे जास्त मरतील तिथे मूळ, इतकं ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिन्ही वाट्या उजेडात धरून पाहिल्या. ओट्यावरच्या वाटीत काही होती. खिडकीतल्या, म्हणजे झाडाशेजारच्या वाटीत जवळजवळ काहीच नव्हतं. आणि दाराजवळची, चपलांच्या कपाटावर ठेवलेली वाटी काळी झाली होती.

प्रयोगशाळेत असं झालं असतं तर ती मुकाट्याने मूळ शोधत दारापाशी गेली असती. तिथल्या मोठ्या बाई नव्या मुलींना पहिल्या दिवशीच सांगत, जे आलं आहे ते लिहा, जे यायला हवं होतं ते लिहू नका. पण घर म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. जिन्यातून येत असतील, तिने स्वतःला सांगितलं. दाराची फट केवढी आहे. झाडाजवळ मेली नाहीत, कारण तिथे त्यांना मातीच गोड लागत असणार, व्हिनेगर कशाला पितील? उत्तर आधीच हातात असलं की सगळं त्यात बसवता येतं. तिनेही बसवलं.

शनिवारी सकाळी सासरे फिरायला बाहेर पडले आणि तिने नवऱ्याला कुंडी उचलायला लावली.

"बाबांना विचारलंस?" तो म्हणाला.

"चार दिवस खाली ठेवायची आहे रे, टाकायची नाही. चिलटं गेली की आणू वर. पोरीच्या तोंडावर बसतात, दिसत नाही का तुला?"

चिंगीच्या तोंडाचं नाव काढलं की त्याचा नाइलाज होई. त्याने झाकणातलं पाणी मोरीत ओतलं, कुंडी आणि झाकण दोन्ही खाली नेलं आणि दुसरीकडे आडोसा नाही म्हणून कचऱ्याच्या डब्यांशेजारी, भिंतीला लावून ठेवलं. त्याला वाटलं, कुणाच्या पायात येणार नाही. त्याच सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या माणसांनी डब्यांशेजारचं सगळं उचललं. त्यांचं तरी काय चुकलं?

सासरे परत आले ते नेहमीसारखे चपला काढून खिडकीशी गेले. लाकडी कट्ट्यावर झाकणाच्या गंजाचं तांबूस वर्तुळ होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. नवरा सांगत होता, अडखळत, खाली जाऊन पाहिलं, गाडीमागे थोडा पळालोही, पण ती वळून गेली होती. ती चिंगीला खांद्यावर घेऊन उभी होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिची उत्तरं तयार होती.

"झाकणपण नेलं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि आत हात धुवायला गेले. त्या दिवशी दुधाचं पातेलं विसळल्यावर ते क्षणभर ते पाणी घेऊन ओट्याशी उभे राहिले. मग त्यांनी ते मोरीत ओतलं.

रविवारी चिलटं होती तेवढीच होती.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाट्या बदलून झाल्या, मोरीच्या जाळीत उकळतं पाणी ओतून झालं, कपाटं ओढून मागे पाहून झालं. दुसऱ्या दिवशीची तयारी एकीकडे चाललेली, कपडे, डबे, बाटल्या. चिंगीला कुठल्या वेळी काय द्यायचं ते तिने सासऱ्यांना पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा एकदा मान डोलावली. मग तिला आपलं कामाचं ओळखपत्र आठवलं. ते गळ्यात असल्याशिवाय प्रयोगशाळेचं दार उघडत नसे. खणात नव्हतं. पर्समध्ये नव्हतं. नवरा बाजारात गेला होता. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं, शेवटचं कधी हातात घेतलं होतं? आणि ते आठवताच ती चपलांच्या कपाटापाशी गेली.

बाहेरच्या दारामागे खुंटीवर रेनकोट अडकवलेले होते. त्यांच्याखाली एक पिशवी होती. पिवळी, बदकांची चित्रं असलेली. चपलांचं कपाट तिच्या अगदी खाली होतं.

तिने रेनकोट बाजूला केले आणि पिशवीची चेन ओढली. आतून चिलटांचा एक लोट उठला आणि तिच्या तोंडावर आला. आंबूस, दारूसारखा वास. डब्याचं झाकण अर्धवट लागलेलं होतं. त्यातलं केळं आता केळं राहिलं नव्हतं, त्याचा काळा रस डब्यातून बाहेर येऊन खालच्या घडी केलेल्या झबल्यात मुरला होता. झबल्याखाली ओळखपत्र होतं, त्यावरच्या फोटोत ती हसत होती.

ती तशीच जमिनीवर बसली.

महिन्याभरापूर्वी तिने ही पिशवी पहाटे उठून भरली होती. पोरीला पाळणाघरात सोडून तसंच पुढे कामावर जायचं, म्हणून ओळखपत्रही त्यातच टाकलं होतं. पाळणाघराच्या फाटकापाशी ती उभी राहिली. आतून कुठल्यातरी बाळाचं रडणं येत होतं आणि एक बाई त्याला गाणं म्हणत होती, चांगलं म्हणत होती. तिने कडीला हात लावला, काढला, आणि घरी परत आली. पिशवी खुंटीला लावली आणि वरून रेनकोट टाकले. जागा नाही म्हणाले, असं सगळ्यांना सांगितलं. नंतर दार उघडताना-लावताना ती पिशवीकडे पाहत नसे. पाहायचं नाही म्हटलं की वासही येत नाही.

आतल्या खोलीत चिंगीने बारीक कुरकुर केली, रडणं नव्हे, रडायच्या आधीचं नुसतं हुं. ती उठेपर्यंत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आत्तापर्यंत छातीवर मान टाकून बसलेले सासरे पाळण्याशी पोचलेही होते. त्यांचा हात थरथरत होता आणि त्या थरथरीनेच पाळणा हलत होता. चिंगी गप्प झाली.

ती पिशवी हातात घेऊन दारात उभी राहिली. दोन-तीन चिलटं तिच्यामागून आत आली.

"बाबा, पाळणाघरात जागा होती," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

"माहीत आहे मला. मी गेलो होतो विचारायला, दुसरी सोय होते का म्हणून. तिथल्या बाई म्हणाल्या, जागा आहे की, तुमच्या सूनबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. तुझा पाय निघत नसणार. मग म्हटलं, पोर घरातच राहू दे, मी आहे."

"मला का नाही म्हणालात?"

"काय म्हणायचं?"

तिला झाडाबद्दल बोलायचं होतं. बोलायला तोंड उघडलं, पण चिलटं मातीतून येतात असं मला वाटलं, हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं खोटं वाटलं की ते तोंडातच राहिलं. तिला चिलटं झाडातूनच यायला हवी होती. त्यांच्या हातून काहीतरी चुकायला हवं होतं, म्हणजे तिला कामावर न जाता घरी थांबता आलं असतं.

सासऱ्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "झबलं निघेल. डाग राहील जरासा," ते म्हणाले आणि मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सोमवारी निघताना बदकांची पिशवी तारेवर उलटी टांगलेली होती, अजून ओलसर. वाट्या तिने सगळ्या रिकाम्या करून उपड्या घातल्या होत्या, तरी एक चुकार चिलट चहाच्या गाळणीवर बसलं होतं. तिने ते हाकललं नाही. चिंगीला दिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. सांगायच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या होत्या, तरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून ती म्हणाली, "बाबा, बटण..."

"सगळी बटणं कपाटात वर ठेवलीत. तू जा, उशीर होतोय."

खाली रस्त्यावर आल्यावर तिने वर पाहिलं. खिडकीत सासरे होते, एका हाताने चिंगीला छातीशी घट्ट धरून. दुसऱ्या हातात खिमटीची वाटी होती. ती कुठे ठेवावी म्हणून त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. मग कट्ट्यावर, जिथे ते तांबूस वर्तुळ होतं तिथेच, हात थरथरत असतानाही न सांडता, त्यांनी ती ठेवली.