बर्फाला घाम

"बर्फाले घाम फुटल्याबिगर डब्यात ठेवू नको, पोरी. हालवून पाय. आत पानी वाजलं तरच ठेव."

मैनाबाई सिस्टर रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. नर्स दीपाला त्यांचं हे बोलणं आठवलं, पण अंगणवाडीत लशीच्या निळ्या डब्याचं झाकण उघडल्यावर.

असेच जाड भिंतीचे डबे फौजेत रक्त नेतात, जहाजातून औषधं नेतात, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तिथे म्हणे आतली थंडी राखायला यंत्र असतं. इथे सिस्टरचा हात. आज पौर्णिमा, विहारातली वंदना लांबली, आणि उशीर झाला म्हणून दीपाने फ्रीजरमधले आईसपॅक दगडासारखे होते तसेच डब्यात भरले. आता लशीच्या बाटलीत बर्फाचे बारीक खडे दिसत होते. ही लस गोठली की तिच्यात काही जीव राहत नाही.

समोर तुळसाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. "सिस्टर, पयला नंबर आमचा. उद्या दुपारी गाडी लागते ऊसतोडीले. मंग शिमग्यालेच वापस."

डबा मोटरसायकलवर आणणारा उकंडा हळूच म्हणाला, "ताई, घडीभर उन्हात ठेवा ना. इरघळते. कोनाले समजते?"

"कोनालेच नाही समजत, उकंडाभाऊ. तेच तर." दीपाने बाटल्या बाजूला काढल्या, त्यांवर फुली मारली. मग तुळसाबाईकडे वळली. "मावशी, आज टोचत नाही. लस गोठली. चूक माही हाय."

"दोन कोस चालत आली मी, बाप्पा! तुमच्या बर्फानं लसबी गोठवली अन् आमालेबी!"

बाया हसल्या. दीपाने डब्याचं झाकण लावलं. "उद्या गाडी लागायच्या आधी मी तांड्यावर येईन."

"सारेच असं मन्तात, माय," तुळसाबाई उठत म्हणाली. "येजो मंग."

संध्याकाळी दीपाने डॉक्टरांना खरं ते सांगितलं आणि लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "बाकीच्या लेकरांचं पुढच्या बुधवारी करा. तांड्यावर उद्या जा. उकंडा मात्र मिळणार नाही, तो बोरी अरब गावाला डबा घेऊन जातो आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आरोग्य केंद्रात आली. आधी आईसपॅक काढून टेबलावर मांडले. मग खिडकीशी बसून, डोळे मिटून पंचशील म्हटलं. आज एकही ओळ घाईत नाही. डोळे उघडले तेव्हा प्लास्टिकवर थेंब जमले होते. तिने एकेक पॅक कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं.

तिने डबा भरला, झाकण दाबलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि तांड्याच्या पायवाटेला लागली.