काकूंच्या वाट्याची भाकर

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात काकू घरात कधी गप्प बसल्या नव्हत्या आणि मंडळीत कधी बोलल्या नव्हत्या. मार्च महिन्यात मेंदूतली एक बारीकशी नस तुंबली आणि हा सगळा कारभार उलटा झाला.

मंडळी म्हणजे एक छोटं चर्च: साठ-सत्तर माणसं, बंद पडलेल्या छापखान्याची एक लांब खोली आणि चार वेगवेगळ्या जातींच्या खुर्च्या. दर रविवारी उपासना, आणि उपासनेच्या शेवटी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. त्याची भाकर काकूंचे यजमान करायचे. ते जन्मभर बेकरीच्या भट्टीवर होते, म्हणून सगळे त्यांना भट्टीकाका म्हणत. खरं नाव मंडळीच्या रजिस्टरात होतं आणि तिथेच सुखात होतं.

तीस वर्षं दर शनिवारी दुपारी घरच्या ओव्हनमध्ये एक मोठा गोल पाव भाजला जायचा. रविवारी टेबलावर ठेवून प्रार्थना केली की त्याची भाकर व्हायची. पीठ, खमीर, मळणं आणि आच काकांची, मीठ काकूंचं. ही वाटणी पहिल्याच वर्षी झाली होती. काकांनी विसरून मीठ दोनदा घातलं, आणि त्या रविवारी मंडळीनं प्याल्यातला द्राक्षरस नेहमीपेक्षा फारच भक्तिभावानं घेतला. तेव्हापासून पावाच्या मिठाचा वेगळा डबा काकूंच्या ताब्यात गेला. त्या मुठीनं मीठ मोजायच्या, मळलेल्या पिठाचा कण जिभेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता भाजा मेहेरबानी करून."

मार्चनंतर काकूंचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळे शब्द गेले. एकच उरला, तोही कुठल्या भाषेतला नव्हता. दोमी. पाणी हवं असलं की दोमी, पाय दुखला की दोमी, काकांनी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं की दोमी, दोमी, दोमी! सूर मात्र शाबूत होता. पंधरा दिवसांत काकांना जवळजवळ सगळं कळायला लागलं. खरं सांगायचं तर गेल्या वीस वर्षांत त्यांनी शब्दांकडे फारसं लक्ष दिलंच नव्हतं. संसार सुरावरच चालला होता.

त्याच नसेनं गिळणंही बिघडवलं. हॉस्पिटलात गिळणं तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: सगळं दाट आणि मऊ, चमच्यानं, पाव अजिबात नाही. पावाचा तुकडा घशाऐवजी श्वासाच्या नळीत गेला तर बूच बसेल, असं त्या म्हणाल्या. काकांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी काका काकूंना चाकांच्या खुर्चीतून मंडळीत घेऊन गेले. मंडळीत उपासनेच्या मध्यावर शांत बसायची रीत होती. आत्म्यानं ज्याला प्रेरणा दिली त्यानं बोलावं. बरीच वर्षं ही प्रेरणा फक्त दोन-तीन ठरावीक माणसांना आणि ठरावीक वेळेला व्हायची. त्या दिवशी शांततेत काकूंनी तोंड उघडलं. "दोमी. दोमी दोमी, दोमी... दोमी!"

खोली उभीच राहिली. बायका रडायला लागल्या. "अन्य भाषा!" उपासना चालवणारे पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो खरोखरच कापत होता. माणूस लबाड नव्हता.

अन्य भाषा, म्हणजे आत्मा माणसाच्या तोंडून बोलतो ती अनोळखी भाषा, आली की तिचा अर्थ सांगणारा लागतो. तो निघाला पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं, "प्रभू म्हणतो, माझ्या लेकरांनो, तुमच्याकडून वेळेचं पालन होत नसल्याचं निदर्शनास आलं आहे."

प्रत्यक्षात काकूंचं म्हणणं होतं की खिडकी लावा, पाठीवर वारा येतोय. काकांनी उठून खिडकी लावली. अर्थ सांगावा असं त्यांच्या मनात आलं. पण ते मंडळीत कधी बोलले नव्हते, आणि सगळे इतके आनंदात होते.

पुढे हे दर रविवारी व्हायला लागलं. हेडक्लार्कच्या तोंडून प्रभूनं ढोलकी वाजवण्यास मनाई केली, चपला बाहेर ओळीत लावण्याबाबत सूचना दिल्या आणि एकदा मागील संदेशाचा संदर्भ घेण्यास सांगितलं. शेजारच्या मंडळ्यांतून माणसं यायला लागली. काकूंना पुढे मंचावर बसवायला लागले, समोर माइक.

आणि दर वेळी शेवटी भाकरीचं ताट फिरायचं. इथली रीत अशी की भाकर कुणी आपली आपण घ्यायची नाही. शेजाऱ्यानं तुकडा मोडून तुमच्या हातावर ठेवायचा आणि तुम्ही पुढच्याच्या. काकूंपाशी ताट आलं की त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जायचं. काकू डावा हात वर करायच्या. "दोमी." ताट पुढे. "दोमी!" हेडक्लार्कला एकदा याचाही अर्थ लागला: ताटावर झाकण असावं, अशी प्रभूची इच्छा आहे. पुढच्या रविवारी झाकण आलं.

काकांना आपल्या वाट्याचा तुकडा गिळताना काही लागायचं नाही. मार्चपासून भाकरीला चवच नव्हती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याच तोंडाची गेली.

जूनपर्यंत काकूंना दोनदा न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाल्या, आता तोंडानं काहीच नको. मंगळवारी पोटात नळी घालू, मग सगळं नळीतून. किती दिवस, असं काकांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. काकू पलंगावरून दोघांकडे बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी डावा हात मुठीसारखा केला, हवेतच काहीतरी मोडल्यासारखा हिसका दिला आणि अगदी हळू म्हणाल्या, "दोमी." मोडायला दोन हात लागतात, दुसरा मांडीवर पडून होता.

शनिवारी काका पाळकसाहेबांकडे गेले.

"उद्या तिला भाकर द्यायची. मंगळवारनंतर जमणार नाही."

"काका, मला काय वाईट वाटत नाही का? पण अडकली घशात तर? सगळ्यांसमोर? जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"हॉल मंडळीचा आहे. आणि भाकर ही खूण असते, काका. श्रद्धेनं नुसती पाहिली तरी पोचते."

"मग सगळ्यांनीच पाहावी," काका म्हणाले. "मी दर शनिवारी किलोभर पीठ कशाला भिजवतो?"

पाळकसाहेब हसले नाहीत. काकांनीही विनोद केला नव्हता.

रविवारी बाहेरगावचे वीस पाहुणे आले होते. भिंतीला टेकून माणसं उभी होती. शांततेच्या वेळी काकूंनी माइकसमोर तोंड उघडलं, पण नेहमीसारखं उंच नाही. सरळ टेबलाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "दोमी. दोमी. दोमी."

हेडक्लार्क उभा राहिला. डोळे मिटले. "प्रभू म्हणतो, माझ्या लेकरांनो, सद्यःस्थितीत..."

"ती भाकर मागतेय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भट्टीकाका उभे होते. तीस वर्षांत उपासनेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. काहींना तो त्यांचाच आहे हे पटेना.

हेडक्लार्कनं डोळे उघडले. "काका, तुम्हाला अर्थ सांगण्याचं ईश्वरी दान आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "मला बायको आहे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. काका खुर्च्यांमधून वाट काढत मंचावर चढले. पाळकसाहेब टेबलाआड उभे होते. त्यांनी हात आडवा केला, काकूंकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. तेवढं त्यांच्याकडून झालं. पुढे हे त्यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही, म्हणून इथे सांगून ठेवलं.

काकांनी झाकण काढलं आणि पाव मोडला. आपण भाजलेला पाव कुठे सगळ्यात मऊ असतो हे त्यांना माहीत होतं. मधला गर बोराएवढा काढून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावू लागले. साठ-सत्तर माणसं आणि वीस पाहुणे एका म्हाताऱ्याला चावताना बघत राहिले. पार लगदा होईपर्यंत त्यांनी चावलं, बोटावर घेतलं आणि काकूंच्या डाव्या गालात, जिथे अजून जाण होती तिथे, लावलं. पुढच्या रांगेतून "ई!" असं ऐकू आलं.

काकूंनी हनुवटी छातीकडे नेली, हॉस्पिटलातल्या त्या बाईंनी शिकवलं होतं तशी. घशाचं हाड वर गेलं. अर्ध्यात थांबलं. खोलीत कुणाचाच श्वास चालत नव्हता. मग ते खाली आलं.

मग काकूंच्या कपाळाला आठी पडली. जीभ टाळूवर फिरली, एकदा, दोनदा. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि तोडून टाकल्यासारखं म्हणाल्या, "दोमी!"

माइक चालूच होता. हेडक्लार्क खालूनच म्हणाला, "आता काय म्हणतात? सांगा ना तुम्हीच."

काका काकूंकडे बघत राहिले. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"मीठ नाही म्हणते," ते म्हणाले.

काकांनी पावाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि मग मंडळीकडे वळले. "खरंच नाहीये? कधीपासून?"

मागच्या रांगेतून शिवणकामवाल्या आजी म्हणाल्या, "मार्चपासून, रे बाबा."

"आणि कुणी बोललं नाही?"

"आम्हाला वाटलं, तू उपास म्हणून करतोयस."

"मला वाटलं, त्यात काही अर्थ असेल," पाळकसाहेब म्हणाले.

काकूंनी डाव्या हातानं काकांची बाही ओढली. गिळण्याच्या गडबडीत पावाचा एक कण त्यांच्या शालीवर पडला होता. तो त्यांनी बोटानं उचलला आणि काकांच्या तोंडाशी धरला. रीत तशी होती. आपली आपण घ्यायची नसते. काकांनी तोंड उघडलं. मग काकूंना खोकला आला.

सोमवारी ताप चढला. मंगळवारी नळी घातली नाही. घालण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. शनिवारी सकाळी दहाला काकू गेल्या.

डॉक्टर फॉर्म भरत होत्या. "आठवड्यात तोंडानं काही दिलं होतं?"

"भाकर. रविवारी."

"लिहून दिलं होतं ना, देऊ नका म्हणून?"

"हो. फ्रिजवर लावलंय."

"मग का दिलीत?"

"तिनं मागितली."

डॉक्टरांनी मागचं पान उलटून पाहिलं. "इथे तर लिहिलंय, पेशंटला वाचा नाही."

"ते खोडा," काका म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या भाकरीनंच झालं असं नाही, त्या म्हणाल्या. अशा पेशंटला न्यूमोनिया व्हायला स्वतःची लाळसुद्धा पुरते. नक्की कशानं झालं ते आता कधीच कळणार नाही. भाकर की लाळ, काहीतरी एक नक्की सांगितलं असतं तर काकांना ते धरून बसता आलं असतं. खोडलं मात्र त्यांनी नाही. फॉर्म छापील होता.

अंत्यविधी रविवारी, उपासनेनंतर ठरला. त्याच शनिवारी दुपारी हेडक्लार्कचा फोन आला. झाल्या प्रकाराबद्दल त्यानं दुःख व्यक्त केलं आणि उद्याच्या भाकरीबाबत काकांनी तसदी घेऊ नये, दुकानातून आणण्याची व्यवस्था करण्यात आली आहे, असं कळवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग त्यांनी पीठ भिजवलं. मळून झाल्यावर काकूंच्या फळीवरून मिठाचा डबा काढला. झाकण मार्चपासून उघडलं नव्हतं. आत मिठाचा खडा झाला होता. तो त्यांनी चमच्याच्या दांड्यानं फोडला.

एक मूठ, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी हात घालून मूठ भरली. काकूंची मूठ लहान होती. भरलेला हात पिठावर धरून, त्यातलं किती सोडायचं ते ठरवत ते तसेच उभे राहिले.