श्रीरंगचा शब्द

हिमानीने पोह्यांच्या बश्या बाजूला केल्या आणि स्पीकरफोन डायनिंग टेबलाच्या मधोमध सरकवला. दोन्ही पाहुण्यांनी घासही खाल्ला नव्हता.

युसूफ आणि वारसमे, दोघेही सोमालियाचे, तिच्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या ऑफिसातले. तिकडे युसूफचं गाव महिनाभर वेढ्यात होतं आणि वेढा घालणारा होता वारसमेचा थोरला भाऊ. तो आणि गावातली वडीलधारी मंडळी आता एकाच कॉलवर होती. बोलणी परक्याच्या घरी व्हावीत असं ठरलं होतं, आणि नाही म्हणणं श्रीरंगला जन्मात जमलेलं नाही. म्हणून २००६ च्या त्या शनिवारी सकाळी सगळे डब्लिनमधल्या त्याच्या घरी जमले होते.

अटी ठरल्या. बंदुका मशिदीपाशी टाकायच्या, लोकांनी अंधार पडायच्या आत पुलावरून बाहेर पडायचं. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. पण गावातला एक म्हातारा अडून बसला. युसूफने त्याचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं.

"ते म्हणतात, घरमालकाने शब्द द्यावा. तो दोघांपैकी कुणाचाच नाही."

"आपण कोण शब्द देणारे?" हिमानी हळूच मराठीत म्हणाली. "भीड भिकेची बहीण, श्रीरंग."

"फक्त विटनेस म्हणून गं. लोक सुटतील यार, आपलं काय जातंय?" तो फोनकडे वाकला. "माझा शब्द आहे."

पलीकडून म्हातारा बराच वेळ दुवा देत राहिला. कॉल संपला. डोळे पुसत युसूफ आईला फोन लावू लागला.

वारसमे उठून किचनमध्ये आला आणि नळाखाली नुसते हात धरून उभा राहिला. बश्या घेऊन आत आलेल्या हिमानीला त्याची दया आली.

"तुमचंही कुणी आहे तिथे?"

"बहीण. त्याच गावात दिलीय."

"मग आता तीही पुलावरून सुखरूप येईल."

"नाही." त्याने नळ बंद केला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "भावाने तिला कालच निरोप धाडला. घरातच थांब, पुलाकडे फिरकू नकोस."

हिमानी बाहेर धावली. युसूफ फोन ठेवत होता, कितीतरी दिवसांनी हसत.

"आई निघाली," तो म्हणाला. "घाबरत होती. मी सांगितलं, श्रीरंगने शब्द दिलाय."

"परत लावा. आत्ता."

त्याने लावला. तिकडे रिकाम्या घरात रिंग वाजत राहिली.