बारा बाजार आणि माझा ढिला पट्टा

बाजू अ

मित्रांनो, जरा दम धरा. माझी मोटर गरम व्हायला वेळ लागतो.

हां. आता फिरलो.

मी दोन खणांचा टेपरेकॉर्डर. कारखान्यात एका बाईने माझ्या चाकांवर रबराचा पट्टा चढवला, झाकण लावलं आणि मला पुढे सरकवलं. जन्माचं एवढंच आठवतं. पुढचं सगळं आयुष्य अक्कलकुव्यात, जवरीलाल शेठच्या दुकानात, अगरबत्तीच्या डब्यांशेजारी गेलं.

एका खणात गाणं, दुसऱ्यात कोरी कॅसेट. “शेठ, भरून द्या,” असं म्हणत लोक रांग लावायचे. लग्नसराईत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. घाटातल्या जीपवाल्यांना तर माझ्या गाण्यांशिवाय वळण घेता येत नसे. मग गाणी फोनमध्ये गेली. माझ्यावर कापड आलं, कापडावर पोती आली आणि पोत्यांवर मांजर झोपू लागलं.

मी थकलो होतो, मित्रांनो. मला ते मांजर आवडायचं.

एके दिवशी तिघांनी पोती हलवली. गाणारी रिना, धडगावकडच्या डोंगरातली. गिटारवाला भरत, कळसाडीचा. आणि ढोलवाला गोवाल. दरड कोसळून रस्ता अडला तेव्हा हे तिघे एकाच जीपमध्ये अडकले आणि तिथेच गायला लागले. म्हणून त्यांच्या बँडचं नाव ‘घाट बंद’.

त्यांनी ‘बारा बाजार’ नावाची मालिका ठरवली. दर महिन्याला एका आठवडी बाजाराच्या गावी जायचं, तिथल्या गाणाऱ्या माणसासोबत एकच गाणं करायचं, ते थेट माझ्यावर भरायचं. शेठच्या गोदामात पडून राहिलेल्या कोऱ्या कॅसेटी बारा गाण्यांत वाटून घ्यायच्या. एका गाण्याच्या वाट्याला येतील तेवढ्याच प्रती. फोनमध्ये काहीही ठेवायचं नाही.

“फोनवर लोक गाणं ऐकत नाहीत, नुसतं पुढे पाठवतात,” रिना म्हणायची.

मी पुन्हा फिरू लागलो. पण वयाने माझा पट्टा ढिला झाला होता. मी हळू फिरायचो. हळू भरलेलं गाणं माझ्यावर लावलं की बरोबर वाजायचं. दुसऱ्या चांगल्या यंत्रावर ते पळायचं आणि आवाज पातळ व्हायचा. दुकानात सगळे माझ्यावरच ऐकत, त्यामुळे कोणाला कळलं नाही. पुण्याहून एका गिऱ्हाइकाने कौतुकाने कळवलं, ‘तुमच्याकडच्या बायका अगदी लहान मुलींसारख्या गातात.’

“शहरातले कान,” रिना हसून म्हणाली.

अकरावा बाजार धडगावचा. गाणार होत्या रमिलाबाई, रिनाची आई. मुलीला सासरी पाठवतानाचं गाणं. आवाज खोल, जात्यातून यावा तसा. मध्येच थांबून त्या गिटारकडे बोट दाखवत त्यांच्या बोलीत भरतला म्हणाल्या, “पोरा, तुझी ती मधमाशी जरा लांब ने.” गोवाल इतका हसला की ते हसूही माझ्यावर भरलं गेलं.

खट्.

बाजू ब

पावसाळ्यात रमिलाबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

इकडे भरत शेवटच्या गाण्यासाठी माझी काळजी घेत होता. त्याने सुरतेहून नवा पट्टा मागवला, माझं पोट उघडलं, धूळ पुसली. इतक्या प्रेमाने मला कोणी हात लावला नव्हता. मी तरण्यासारखा फिरू लागलो.

मग रिना मला मांडीवर घेऊन भरतसोबत जीपने घरी गेली. आईला तिचंच गाणं ऐकवायचं होतं. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे उरलं नव्हतं.

कॅसेट लावली. माझ्यातून एक चिरकी पोर भराभर गाऊ लागली.

रमिलाबाईंनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

“काय केलंस रे तू?” रिना भरतवर ओरडली. “हा माझ्या आईचा आवाज आहे?”

“मी ते नवा पट्टा टाकेल शे ना!” भरत त्याच्या अहिराणीत गडबडला. मग त्याने कान लावला. “रिना, मन्ही गिटारना सूर बी चढेल शे. मशीन पहिले हळू चालत व्हतं. आपले समजनंच नही.”

त्याने तेच गाणं फोनवर घेऊन अंदाजाने हळू करून पाहिलं. पण माझा ढिलेपणा एकसारखा नव्हता. कुठे जास्त, कुठे कमी. रमिलाबाई भिंतीकडेच पाहत राहिल्या.

रिना आणि भरत मला घेऊन परत दुकानात आले.

“शेठ, तो जुना पट्टा कोठे शे?” भरतने विचारलं. “मी आठेच दुकानमा टाकेल व्हता.”

“तुम्ही फेकला तर नाही ना?” रिना अगरबत्तीचे डबे हलवून शोधू लागली.

“फेकतील कसे?” आतून छोटीबाई, शेठची बायको, म्हणाली. “ह्यांनी आमच्या लग्नातली सुतळी अजून ठेवली आहे.”

जवरीलाल शेठने मान खाली घालून सुपारीचा डबा पुढे केला. झाकण पक्कं राहावं म्हणून त्यावर माझा पट्टा ताणून बसवलेला होता.

“सांभाळून काढ, बेटा,” ते म्हणाले. “आणखी ताणू नकोस.”

त्या पट्ट्यासह मी पुन्हा घाट चढलो. पहिल्या ओळीलाच रमिलाबाईंनी मान वळवली. मधमाशीची कटकट आली, गोवालचं हसू आलं. त्यांनी डावा हात माझ्या झाकणावर ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. रिना आईच्या आवाजाखाली हळूच गाऊ लागली. ती कडवं चुकली की ठेका थांबायचा. बरोबर गायली की पुन्हा सुरू व्हायचा.

बारावा बाजार अजून झालेला नाही. त्याच्या कोऱ्या कॅसेटी गोदामात आहेत. मी रमिलाबाईंच्या खाटेजवळ आहे, रोज एकदा फिरतो. पट्ट्याला आता बारीक चिरा पडल्यात. रिनाचं शेवटचं कडवं अजून पाठ व्हायचंय. आधी पट्टा तुटेल की कडवं पाठ होईल, मला माहीत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, झाका, उन्हापासून जपा. पण त्यांना तरणं करण्याआधी एकदा त्यांच्या चालीने ऐकून घ्या. मी थकलेला आहे, आणि कुणाचा तरी आवाज आता फक्त माझ्या थकव्यातच बरोबर लागतो.

फीत संपत आली की बटण आपोआप वर येईल. तोवर हात लावू नका. शेवटचं कडवं चाललं आहे.